घरून काम करता? मग वेळापत्रक गोव्याचेच धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२० च्या टाळेबंदीत कचेरीतून घरात आलेले काम अनेकांच्या बाबतीत पुन्हा कचेरीत गेलेच नाही. पुढे कित्येकांनी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय धरला. आज पेडण्यापासून काणकोणपर्यंत घराघरांत भाषांतरे होतात, हिशेब लिहिले जातात, संकेतस्थळे आणि इमारतींचे नकाशे तयार होतात, शिकवण्या चालतात, केकच्या ऑर्डरी घेतल्या जातात. या मंडळींना शिस्तीबद्दल मिळणारा सल्ला साधारण एकच असतो: पहाटे उठा, नऊ ते सहा खुर्ची सोडू नका, मन खंबीर करा. गोव्यात तो महिनाभरही टिकत नाही आणि मग माणूस स्वतःलाच आळशी समजू लागतो. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. वेळापत्रक दुसऱ्या शहराचे असते.

आपल्याकडचा दिवस दोन तुकड्यांचा आहे. एकच्या सुमारास दुकाने बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. बहुतेक शाळा सकाळच्या, त्यामुळे मुले एक-दीडला घरी पोचतात. शीत-कडी होते आणि घर निजते. या वेळेशी झगडून काम रेटले तर हाती फार थोडे लागते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराची तरतरी तशीही उतरते, जेवण हलके असले तरी. म्हणून घरून काम करणाऱ्याने सरळ दोन पाळ्या धराव्यात, सकाळी ८ ते साडेबारा आणि दुपारी साडेतीन ते साडेसहा, असे माझे ठाम मत आहे. अर्धा तास इकडे-तिकडे चालेल. पण दोन्ही पाळ्यांचा शेवट ठरलेला हवा, आणि सुरुवातीपेक्षाही तो जास्त कसोशीने पाळायला हवा.

ज्याच्यापाशी सबंध दिवस आहे त्याचे काम सबंध दिवसभर पसरते. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ मध्ये हे सूत्ररूपाने मांडले, आणि घरून काम करणाऱ्याइतका त्याचा अनुभव दुसऱ्या कुणाला येत नसेल. ‘राहिले तर रात्री बसून करू’ ही वाट मनात मोकळी असली की सकाळी दहाला फोन हातात घ्यायला काहीच वाटत नाही. मग रात्री खरोखर बसावे लागते, झोप उशिरा लागते, दुसऱ्या दिवशीची सकाळ जाते आणि पुन्हा रात्र येते. हे चक्र तोडायचे तर आधी रात्रीची वाट बंद करावी लागते. साडेसहाला संगणक बंद म्हणजे बंद, हे आठवडाभर पाळले की सकाळच्या तासाची किंमत आपोआप कळू लागते. पहिले दोन-तीन दिवस कामे अर्धवट राहतात. ती तशी राहू द्यावीत.

सकाळच्या पाळीत ५० मिनिटांची चार सत्रे बसतात: ८ ते ८.५०, ९ ते ९.५०, मग चहा, १०.२० ते ११.१० आणि ११.२० ते १२.१०. उरलेली वीस मिनिटे निरोप पाहायला. म्हणजे निव्वळ काम झाले तीन तास वीस मिनिटे. ऐकायला हे थोडे वाटते, पण लक्ष लावून केलेले एवढे काम रोज झाले तर कुठल्याही व्यावसायिकाचा आठवडा भरून निघतो. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांची पोमोदोरो पद्धत आपल्याकडेही पुष्कळांनी उचलली आहे. बिले नोंदवणे, फायली लावणे, पेपर तपासणे अशा कंटाळवाण्या कामांना ती उत्तम. पण लेखन, आकृत्या, संगणकाची आज्ञावली अशा कामांत डोके लागायलाच पंधरा-वीस मिनिटे जातात आणि नेमके तेव्हाच घंटा होते. अशा कामांना ५० मिनिटेच बरी. मधल्या दहा मिनिटांत फोन पाहू नये. उठून पाणी प्यावे, दारातल्या तुळशीपर्यंत जाऊन यावे, लांबचे झाड पाहावे. फोन पाहिला तर डोळ्यांना विश्रांती मिळत नाहीच, वर एखादा निरोप डोक्यात घेऊन माणूस परत खुर्चीवर बसतो.

डोक्यात काहीतरी मागे राहणे ही एकाग्रतेची खरी कीड. एक काम अर्धे सोडून दुसऱ्याकडे वळले की पहिल्याचा काही भाग मनात रेंगाळतो आणि दुसऱ्याचा दर्जा उतरतो, असे व्यवस्थापनशास्त्राच्या संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांती दाखवले आहे. यावरचा उपाय सोपा आहे: काम सोडताना पुढचे पाऊल लिहून ठेवणे. मात्र ते नेमके लिहिले पाहिजे. ‘उद्या: करारनाम्याचे भाषांतर’ ही नोंद निरुपयोगी, कारण सकाळी ती वाचल्यावर कुठून सुरू करायचे हा प्रश्न तसाच उरतो, आणि त्या प्रश्नापाशीच माणूस चहा करायला उठतो. ‘उद्या ८ वाजता: करारनामा, पान १४, कलम ६ पासून, “हमीदार” की “जामीनदार” ते पान ३ वर पाहून एकच ठेवणे’ अशी नोंद असेल तर बसल्या बसल्या हात चालू लागतो. संध्याकाळच्या पाळीची शेवटची पंधरा मिनिटे यासाठी राखावीत. दिवसात काय झाले ते दोन ओळींत, उद्याचे पहिले काम एका ओळीत. ती फाईल उघडून नेमक्या जागेवर आणून ठेवावी, बाकीच्या खिडक्या बंद कराव्यात, मगच यंत्र मिटावे. शिस्तीसाठी एकच सवय लावायची असेल तर मी ही सांगेन.

फोनचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, कारण व्यवसायाचा फोन बंद ठेवता येत नाही. सकाळच्या पाळीत तो दुसऱ्या खोलीत ठेवावा, आवाज चालू आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेले. त्यात घरच्या चार-पाच जणांचे नंबर अपवाद म्हणून टाकावेत. त्याच नंबरावरून पुन्हा आलेला फोन वाजू देण्याची सोयही असते: आयफोनवर दुसरा फोन तीन मिनिटांत यावा लागतो, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत. खरीच निकड असेल तर माणूस दुसऱ्यांदा लावतोच. संगणकावर उघडून ठेवलेले व्हॉट्सअ‍ॅप सकाळी लॉगआउट करावे, नाहीतर फोन लांब ठेवण्याला अर्थ राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपण ठरवू त्या वेळेत आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. त्यात वेळ स्पष्ट लिहावी: ‘निरोप मिळाला. मी दुपारी १२.१० आणि ४ वाजता निरोप पाहते/पाहतो.’ ‘लवकरच संपर्क करू’ असे लिहिले तर समोरचा अर्ध्या तासाने पुन्हा विचारतो.

आता घरच्या आणि वाड्यावरच्या माणसांविषयी. ‘तूं घराच आसा न्ही?’ या एका प्रश्नात घरून काम करणाऱ्याच्या अनेक सकाळी जातात. गॅसचा सिलिंडर घ्यायचा, मावशीला बँकेत न्यायचे, शेजारच्या मुलाचा ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मात्र ‘मी कामात आहे’ हे उत्तर आपल्याकडे चालत नाही, कारण समोरच्याला आपण घरात बसलेले दिसतो. चालते ते वेळ सांगून दिलेले उत्तर: ‘साडेबाराला येतो’. नाही म्हटल्याचा राग येतो, वेळ दिल्याचा येत नाही, आणि निम्मी कामे साडेबारापर्यंत दुसऱ्या कुणीतरी केलेली असतात. पंचायत, मामलेदार कचेरी, बँक यांची कामे मात्र सकाळीच करावी लागतात. त्यासाठी आठवड्यातली एक सकाळ, समजा गुरुवारची, मोकळी सोडावी आणि घरच्यांची अशी सगळी कामे त्याच दिवशी लावावीत. स्वयंपाकघरात पाटी टांगून कामे तिच्यावर लिहायला सांगितले की दर वीस मिनिटांनी हाक मारण्याचे कारण उरत नाही. बायकांच्या बाबतीत हे अधिक कडकपणे पाळले गेले पाहिजे. घरून कमावणाऱ्या बाईच्या कामाचे तास घरातला प्रत्येक जण आपले समजतो, आणि तिची शिस्त मोडते ती तिच्यामुळे नव्हे. तिच्या दोन पाळ्यांत चहा, दार आणि मुलांचा डबा कोणी पाहायचा, हे घराने एकदा बसून ठरवावे.

जागेबद्दल थोडक्यात. बाल्कांवात, म्हणजे घरासमोरच्या बाकांच्या ओसरीत, बसून काम करू नये. हवा छान लागते, पण बाल्कांवात बसलेला माणूस बोलायला मोकळा आहे असेच वाटेवरून जाणारा धरतो, आणि ते आपल्या रीतीला धरूनच आहे. स्वतंत्र खोली नसेल तर भिंतीकडे तोंड करून एक कायमचे टेबल, आणि पाळी संपली की यंत्रावर कापड. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. त्यासाठी लॅपटॉप दहा-पंधरा सेंटिमीटर उंच करावा लागतो आणि मग कीबोर्ड वेगळा घ्यावाच लागतो. तो न घेता नुसता लॅपटॉप उचलला तर खांदे भरून येतात, माणूस सारखा उठतो आणि चंचलपणाला दोष देतो.

दुपारी झोपावे का? खुशाल झोपावे, पण गजर लावून, २० ते २५ मिनिटे. तासभर झोपले की गाढ झोपेतून उठावे लागते, डोके जड राहते आणि साडेतीनची पाळी साडेचारला सुरू होते. उठल्यावर लगेच अवघड काम घेऊ नये. फोन, दुरुस्त्या, बिले, पत्रव्यवहार, मुंबई-पुण्याच्या ग्राहकांशी बोलणे यांना ही पाळी चांगली. परदेशी ग्राहक असतील तर घड्याळ पाहून वाकावे लागते. लंडनचे सकाळचे दहा म्हणजे आपले उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा किंवा साडेसात. तिकडची घड्याळे मार्चमध्ये पुढे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागे जातात, तेव्हा ठरलेल्या भेटीची वेळ पुन्हा तपासावी. अमेरिकेशी संध्याकाळी बोलायचे दिवस आठवड्यात दोनच ठेवावेत आणि त्या दिवशी दुपारची पाळी उशिरा सुरू करावी. दोन्ही टोके ताणली तर आठवड्याभरात सगळी घडी विस्कटते.

महत्त्वाचे काम सकाळीच उरकण्याचे आणखी एक कारण आपल्या हवेत आहे. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो, आणि वीज जाते ती तेव्हाच. नियोजित बंदची सूचना वीज खाते वर्तमानपत्रांतून देते. सकाळचा अंक हाती आला की आपल्या फीडरचे (आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीचे) नाव पाहण्याची सवय ठेवावी. फायबरच्या लाईनला घरातल्या विजेची गरज नसते, गरज असते ती आपल्या राउटरला. त्यामुळे छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरला वीज देणारी बॅटरीची पेटी, लावला की वीज नसतानाही इंटरनेट पुष्कळदा चालू राहते. घेताना अडॅप्टरवरचे आकडे पाहावेत, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर असतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरची पेटी आणि वाय-फायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना आधार द्यावा. अनेकजण एकालाच देतात आणि मग वाय-फाय दिसते पण काही उघडत नाही म्हणून कंपनीला फोन करत बसतात. मोठा इन्व्हर्टर असेल तर १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा, म्हणजे साधारण १५० वॅट, सहा-सात तास चालतात. बॅटरी जुनी असेल तर त्याच्या निम्मे धरावेत. पर्यायी इंटरनेट म्हणून मोबाइलचे कार्ड ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचे असावे. विजा चमकू लागल्या की चार्जर भिंतीतून काढावा.

सणांविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. चतुर्थीत काम होत नाही आणि होईल असे धरूही नये. मूळ घरी जायचे असते, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची असते, पाहुणे येतात. गडबड होते ती ग्राहकाला न सांगितल्यामुळे. महिनाभर आधी तारखा कळवाव्यात, शेवटचे काम चतुर्थीच्या तीन दिवस आधी द्यावे, आणि परतल्यावरच्या पहिल्या दिवशी काहीही देण्याचे कबूल करू नये. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि आगाऊ प्राप्तिकराच्या दुसऱ्या हप्त्याची मुदत १५ सप्टेंबरला संपते. ज्यांना हप्ते लागू आहेत त्यांनी कर आधीच्या आठवड्यात भरून टाकावा. शिगमो, गावची जत्रा, नाताळ यांनाही हाच नियम. केक करणाऱ्यांनी नाताळच्या ऑर्डरी घेणे कोणत्या तारखेला थांबवायचे ते नोव्हेंबरातच जाहीर करावे.

पैशांच्या शिस्तीवाचून कामाची शिस्त टिकत नाही. महिन्याच्या शेवटी खाते रिकामे दिसले की माणूस मिळेल ते काम मिळेल त्या मुदतीत घेतो आणि दोन पाळ्यांची घडी तिथेच मोडते. व्यवसायाचे खाते वेगळे काढावे आणि आलेल्या प्रत्येक रकमेतला ठरलेला हिस्सा करासाठी त्याच दिवशी बाजूला टाकावा. वर्षाचा कर, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा जाता, १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित उत्पन्नाची (उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून कर भरण्याची) सवलत घेणाऱ्यांना १५ मार्चचा एकच हप्ता असतो. घरखर्चासाठी दर १ तारखेला ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून उचलावी. पर्यटनाशी जोडलेले छायाचित्रकार, सजावटकार यांनी ती हंगामाच्या कमाईवर न ठरवता पावसाळ्यातल्या महिन्यांकडे पाहून ठरवावी. बिल काम दिले त्याच दिवशी पाठवावे, आणि दर शुक्रवारी चार वाजता थकलेली बिले पाहावीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नये. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सेवा देणाऱ्याचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागते. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापली तरी पुष्कळ फरक पडतो.

शिस्त कुठे गळते ते कळायला एक वही पुरते. तीन रकाने: किती वाजता बसलो, काय घेतले, कशासाठी उठलो. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दोन आठवड्यांनी तो वाचला की दिसते, कारणे पन्नास नसतात, तीन-चारच असतात आणि तीच परत परत येतात. कुणाला दारावरची घंटा, कुणाला कामात अडलेला एखादा शब्द किंवा आकडा, कुणाला भूक. भूक असेल तर नाष्टा वाढवायचा, घंटा असेल तर पार्सलांसाठी बाहेर डबा ठेवायचा. त्यासाठी मन खंबीर करण्याची गरज नाही. आणि एखादा दिवस पूर्ण गेला तर तो रात्री भरून काढू नये. दुसऱ्या दिवशी आठला बसावे, कालचे काम आजच्या यादीत न ढकलता आजची यादी नव्याने करावी.

यातले बरेचसे ज्याच्या घरात एक टेबल बसू शकते त्यालाच करता येते. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तिथे कापड आणि पाटी पुरत नाही, आणि मासिक भाडे घेणारी सामायिक कार्यालये नवख्याला परवडत नाहीत. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, पण सत्तरी किंवा सांग्यातल्या मुलीला रोज तिथे येणे शक्य नाही. माझी विनंती पंचायतींना आणि गावोगावच्या ग्रंथालयांना आहे. वाचनकक्षाच्या एका बाजूला चार टेबले, प्रत्येकाला पाठ टेकवता येईल अशी खुर्ची आणि एक प्लगपॉइंट, एक राउटर, त्याला वर सांगितलेला छोटा यूपीएस, आणि सकाळी आठला उघडणारे दार. फोनवर बोलण्यासाठी बाहेर व्हरांडा बहुतेक ठिकाणी आहेच. अर्थसंकल्पात नवी इमारत मागायला नको, ग्रंथपालाची वेळ आणि विजेचे बिल एवढेच ठरवायचे आहे. एखाद्या ग्रामसभेत हा विषय कुणी मांडला आणि पंचायतीने काय उत्तर दिले, ते वाचकांनी या सदरात जरूर कळवावे.

आपला,
घरून व्यवसाय करणारा एक वाचक
फोंडा